ओतीव घुमटभट्टीसाठी तापसह मिश्रणाचे परिमाण कसे काढावे

ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीच्या मुलखात चूल घालणाऱ्या गृहिणीला मिश्रणाचे प्रमाण कागदावर मांडावे लागत नसे. चिकण माती, भाताचा तूस, थोडे शेण आणि पाणी ही सामग्री ती हातानेच अजमावीत असे. माती बोटांना फार चिकटू लागली की तूस वाढवावा, गोळ्याला चिरा पडू लागल्या की पाणी शिंपडावे, माती उरली तर तिचा वैल घालावा आणि अपुरी पडली तर आणखी एक पाटी आणावी, अशी ही रीत होती. चुकीची किंमत अल्प असल्यामुळे अनुभव हेच तेथे गणित होते.

ओतीव घुमटभट्टी ही सवड देत नाही. विटांची कमान रचण्याऐवजी वाळूच्या किंवा पत्र्याच्या साच्यावर सिमेंटयुक्त तापसह मिश्रण थापून जी घुमटाकार भट्टी तयार करतात, तिला येथे ओतीव भट्टी म्हटले आहे. पिझ्झा भाजण्यासाठी अशी भट्टी घरच्या अंगणात किंवा छोट्या खाद्यगृहात करून घेता येते. परंतु मिश्रणात पाणी पडल्यापासून तास-दीड तासात काम उरकावे लागते. घुमट अर्धा झाला असता मिश्रण संपले, तर दुसऱ्या दिवशी घातलेला थर पहिल्याशी एकजीव होत नाही आणि तोच सांधा पुढे तापमानाच्या चढउतारात उलतो. म्हणून किती सामग्री लागेल हे आधी नक्की ठरवणे, हा या कामातील पहिला प्रश्न होय. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात मिळणारी सामग्री, तेथील हवा आणि तेथील इमारती लक्षात घेऊन या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रमाण आणि परिमाण

घरगुती मिश्रणाची सर्वाधिक प्रचलित कृती अशी आहे : वाळू ३ भाग, पोर्टलंड सिमेंट १ भाग, विरवलेला चुना १ भाग आणि अग्निमृत्तिका, म्हणजे बाजारातील फायरक्ले, १ भाग. हे भाग घनफळाने मोजावयाचे असतात. या कृतीवरून घटकांचे परस्परप्रमाण समजते. परिमाण मात्र समजत नाही. ८५ लिटर मिश्रण हवे असल्यास ८५ ला ६ ने भागून प्रत्येक भाग सुमारे १४.२ लिटर धरावा, असे प्रथमदर्शनी वाटते. हा हिशेब चुकीचा आहे. सहा लिटर सुटे घटक एकत्र कालवले असता सहा लिटर मिश्रण होत नाही, कारण वाळूच्या कणांमधील पोकळीत सिमेंट, चुना व माती शिरतात आणि भुकटीत अडकलेली हवा पाण्यामुळे बाहेर पडते. ही आट किती, हे कळल्याशिवाय परिमाण काढता येत नाही.

कृतीतील घटकांचे कार्य प्रथम थोडक्यात पाहू. पोर्टलंड सिमेंट प्रारंभीचे बळ देते. परंतु त्याच्या जलसंयोगातून निर्माण झालेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होते. पिझ्झाची भट्टी याच टप्प्यात काम करते. विघटनातून उरलेला कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, भट्टी थंड झाल्यावर हवेतील ओलावा पुन्हा शोषतो व फुगतो. पावसाळ्यात न वापरता उघडी राहिलेली भट्टी पुढे भेगाळते, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. मिश्रणात मुद्दाम घातलेल्या चुन्याचा काही भाग हवेतील कार्बन डायॉक्साइड घेऊन कार्बोनेट बनतो, आणि त्याचे विघटन ८०० अंशांच्या आसपास होत असल्याने भट्टीच्या नेहमीच्या तापमानाला तो टिकतो. अग्निमृत्तिका मिश्रणाला चिकटपणा देते, त्यामुळे ते साच्याच्या उतारावर ठरते. ती भाजून दगडासारखी कठीण होण्यास मात्र सुमारे हजार अंशांचा ताप लागतो, आणि एवढा ताप घरगुती भट्टीत येत नाही. तेव्हा हे मिश्रण काटेकोर अर्थाने उच्चतापसह नव्हे, कारण ती संज्ञा साधारणतः १,५०० अंशांच्या पुढे टिकणाऱ्या पदार्थांना लावतात. त्यास तापसह म्हणणे योग्य होईल.

२. स्थानिक वाळू व माती

मिश्रणाचा अर्ध्याहून अधिक भाग वाळूचा असतो, म्हणून तिचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. परदेशी कृतींत वाळू म्हणजे बहुधा क्वार्ट्झची वाळू गृहीत धरलेली असते. क्वार्ट्झमध्ये ५७३ अंशांना स्फटिकरचनेचा बदल होऊन घनफळ एकाएकी वाढते व थंड होताना ते तसेच घटते. ठाणे परिसराची स्थिती वेगळी आहे. उल्हास नदी आणि तिला मिळणाऱ्या काळू, भातसा या नद्यांचे खोरे दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे आहे. त्यामुळे कल्याण, डोंबिवली व मुंब्रा येथील रेतीबंदरांवर पूर्वापार उतरत आलेली रेती आणि आता बांधकामात सर्रास वापरली जाणारी, खडक दळून केलेली कृत्रिम वाळू, या दोन्ही मुख्यतः बेसाल्टच्या असतात. बेसाल्टमध्ये फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे प्रधान असून मुक्त क्वार्ट्झ नगण्य असते. तो साधारणपणे १,००० अंशांच्या पुढे वितळू लागतो. पिझ्झाच्या भट्टीपुरते पाहता ही काळी वाळू कनिष्ठ तर नाहीच, उलट क्वार्ट्झच्या आकस्मिक प्रसरणाचा दोष तिच्यात नाही.

तिचे स्वतःचे तीन दोष मात्र आहेत. खाडीच्या रेतीत मीठ व शिंपल्यांचे तुकडे असतात. मिठामुळे लोखंडी जाळी गंजते, तर शिंपल्यांचे कार्बोनेट ज्वालेच्या थेट माऱ्याखाली विघटित होऊन फुगते. दुसरे असे की, बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजे असतात व त्यांच्या रचनेत पाणी असते. पांढरे ठिपके असलेल्या खडकाची वाळू तापवली असता हे पाणी निघून जाते. तिसरा दोष कृत्रिम वाळूतील बारीक कचीचा. ती अधिक झाल्यास मिश्रण जास्त पाणी मागते. यावर उपाय सोपे आहेत. वाळू गोड्या पाण्याने धुवावी. चिमूटभर वाळूवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून बुडबुडे येतात का पाहावे. आणि प्रयोगशाळेच्या भट्टीत नमुना ६०० अंशांपर्यंत तापवून त्याच्या वजनातील घट नोंदवावी.

कल्याण-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर जी माती वापरतात ती अग्निमृत्तिकेच्या जागी चालत नाही. लोह व चुन्याच्या अंशामुळे ती कमी तापमानाला मऊ होते आणि वाळताना बरीच आकसते. अग्निमृत्तिका महाराष्ट्रात चंद्रपूरकडील कोळसायुक्त गोंडवनी खडकांत आढळते. वीटभट्टीवरची पक्की भाजलेली वीट कुटून, चाळून वाळूच्या काही भागाऐवजी घालता येते. जुन्या बांधकामात चुन्याबरोबर वापरली जाणारी सुर्खी ती हीच. तिचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे की, वीट सच्छिद्र असल्याने तिची घनता वाळूपेक्षा कमी असते व ती पाणी अधिक पिते. म्हणून पुढील गणितात तिच्यासाठी निराळे आकडे घ्यावे लागतात.

३. घुमटाचे घनफळ

उदाहरणादाखल अर्धगोल घुमट घेऊ. त्याची आतील त्रिज्या ४० सेंमी. व भिंतीची जाडी ६ सेंमी. आहे, म्हणजे बाहेरील त्रिज्या ४६ सेंमी. झाली. अर्धगोल कवचाचे घनफळ काढण्यासाठी बाहेरील त्रिज्येच्या घनातून आतील त्रिज्येचा घन वजा करून बाकीला २.०९४४ ने, म्हणजे ३.१४१६ च्या दोन-तृतीयांशाने, गुणावे.

४६ चा घन ९७,३३६, ४० चा घन ६४,०००, बाकी ३३,३३६.
३३,३३६ × २.०९४४ = ६९,८१९ घन सेंमी., म्हणजे सुमारे ६९.८ लिटर.

पुष्कळदा आतील पृष्ठफळाला जाडीने गुणून हे घनफळ काढतात. तसे केल्यास ते ६०.३ लिटर येते, म्हणजे खऱ्या घनफळापेक्षा शेकडा १३.६ कमी. बाहेरील पृष्ठफळ घेतल्यास ते ७९.८ लिटर, म्हणजे शेकडा १४.३ अधिक येते. भिंतीच्या मध्यावरील त्रिज्या, येथे ४३ सेंमी., घेतली तर ६९.७ लिटर हे उत्तर मिळते व चूक हजारी दोनहूनही कमी राहते. सोप्या हिशेबासाठी मध्यत्रिज्येची रीतच वापरावी.

जाडीविषयी सावधगिरी अवश्य आहे. थापताना हात सैल पडून जाडी ६ ऐवजी ७ सेंमी. झाली, तर घनफळ ८३.४ लिटर होते. एका सेंटिमीटरने साडेतेरा लिटर मिश्रण, म्हणजे जवळजवळ पंचमांश सामग्री, अधिक लागते. म्हणून ६ सेंमी. लांबीची खूण केलेली सळई जागोजागी खुपसून जाडी पाहत जाणे हे गणिताइतकेच महत्त्वाचे आहे.

आता दाराची वजाबाकी. दाराची उंची घुमटाच्या आतील उंचीच्या शेकडा ६३ च्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. येथे ती सुमारे २५ सेंमी. येते. ४० सेंमी. रुंदीच्या कमानदार दारासाठी सुमारे ५ लिटर वजा होतात. दारापुढील कमान व धुराड्याची बैठक यांसाठी सुमारे १२ लिटर मिळवावे लागतात. एकूण ६९.८ − ५ + १२ = ७६.८, म्हणजे सुमारे ७७ लिटर. सांडलवंड व पाटीला चिकटलेले मिश्रण यांपोटी शेकडा १० वाढवून ८५ लिटर ओले मिश्रण लागेल, असे ठरते.

४. सुट्या घटकांपासून ओल्या मिश्रणाकडे

येथे दोन प्रकारच्या घनता वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक लिटर मापात मावणाऱ्या सुट्या पदार्थाचे वजन ही सुटी घनता. तीत कणांमधील हवा धरलेली असते. केवळ कणांच्या घन भागाची जी घनता ती कणघनता. कृतीतील भाग सुट्या घनतेने वजनात बदलावयाचे आणि ते वजन कणघनतेने खऱ्या घनफळात बदलावयाचे, एवढीच या गणिताची गुरुकिल्ली आहे. पुढील आकडे प्रातिनिधिक आहेत. प्रत्यक्ष कामात आपापल्या सामग्रीची सुटी घनता मोजून घ्यावी. प्रत्येक भाग १ लिटर धरला तर :

वाळू, कोरडी : ३ लिटर × १.५५ = ४.६५ किग्रॅ.; कणघनता २.८०, खरे घनफळ १.६६ लिटर.
पोर्टलंड सिमेंट : १ लिटर × १.४४ = १.४४ किग्रॅ.; कणघनता ३.१५, खरे घनफळ ०.४६ लिटर.
विरवलेला चुना : १ लिटर × ०.५५ = ०.५५ किग्रॅ.; कणघनता २.२०; खरे घनफळ ०.२५ लिटर.
अग्निमृत्तिका : १ लिटर × १.१० = १.१० किग्रॅ.; कणघनता २.६०; खरे घनफळ ०.४२ लिटर.

कोरड्या घटकांचे एकूण वजन ७.७४ किग्रॅ. व खरे घनफळ २.७९ लिटर झाले. साच्यावर ठरेल असे घट्ट मिश्रण होण्यास कोरड्या वजनाच्या शेकडा १८ पाणी, म्हणजे सुमारे १.४० लिटर, धरले, तर बेरीज ४.१९ लिटर होते. कालवताना मिश्रणात शेकडा ३ हवा राहते असे मानल्यास अंतिम घनफळ ४.१९ ÷ ०.९७ = ४.३२ लिटर येते. म्हणजे सहा लिटर सुट्या घटकांपासून ४.३२ लिटर मिश्रण मिळाले. या दोहोंच्या गुणोत्तरास प्राप्तिगुणक म्हणू. तो येथे ०.७२ आहे. ओल्या मिश्रणाची घनता ९.१४ ÷ ४.३२ = २.१२ किग्रॅ. प्रतिलिटर येते.

८५ लिटर मिश्रणासाठी एक भाग ८५ ÷ ४.३२ = १९.७ लिटर घ्यावा लागेल. त्यावरून खरेदीची यादी अशी :

वाळू : ५९ लिटर, ९१.६ किग्रॅ.
पोर्टलंड सिमेंट : १९.७ लिटर, २८.४ किग्रॅ.
विरवलेला चुना : १९.७ लिटर, १०.८ किग्रॅ.
अग्निमृत्तिका : १९.७ लिटर, २१.७ किग्रॅ.
पाणी : २७.६ लिटर.

कोरडी सामग्री १५२.५ किग्रॅ. व ओले मिश्रण सुमारे १८० किग्रॅ. झाले. या यादीशी आरंभीच्या भोळ्या हिशेबाची तुलना करावी. १४.२ लिटरचा भाग घेतल्यास ८५ ऐवजी सुमारे ६१ लिटर मिश्रण हाती येते. तूट शेकडा २८ ची. या तुटीचा अर्थ भूमितीने स्पष्ट होतो. गोलपृष्ठाच्या दोन समांतर पातळ्यांमधील पट्ट्याचे क्षेत्रफळ केवळ त्या पातळ्यांमधील अंतरावर अवलंबून असते, असे आर्किमिडीजने दाखवले आहे. दार व कमान क्षणभर बाजूस ठेवली, तर शेकडा ७२ मिश्रणात घुमट शेकडा ७२ उंचीपर्यंतच पोचेल. वरचा सुमारे १२ सेंमी. भाग उघडा राहील. ही उंची अल्प दिसते. पण त्या पातळीवर घुमट बराच सपाट झालेला असल्याने उरलेल्या भोकाचा व्यास सुमारे ६० सेंमी. भरतो. भागाकाराच्या एका चुकीने घुमटाला छप्परच राहत नाही.

मोठ्या कामापूर्वी एक लिटर भागाचे चाचणी-मिश्रण करून ते खुणा केलेल्या बादलीत ठासून मोजावे. मिळालेला प्राप्तिगुणक ०.७२ पेक्षा वेगळा असल्यास तोच प्रमाण मानावा. अर्ध्या तासाच्या या चाचणीने वरील सर्व गृहीते एकदम तपासली जातात.

५. घमेले, शीग आणि ओली वाळू

प्रत्यक्षात मोजमाप घमेल्याने होते. घमेल्याचे माप ठरलेले नसते, आणि सपाट भरलेले घमेले व शिगोशीग भरलेले घमेले यांत मोठा फरक पडतो. वाळूची शीग उंच राहते, तर चुन्याची भुकटी घसरते; त्यामुळे शीग लावून मोजलेले ३ : १ प्रत्यक्षात ३ : १ राहत नाही. घमेल्यात पाणी ओतून त्याचे घनफळ लिटरमध्ये एकदा काढून ठेवावे व प्रत्येक घटक फळीने सपाट करून मोजावा.

याहून मोठी चूक ओल्या वाळूने होते. वाळूत शेकडा ४-५ ओलावा असला की कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. ही फुग शेकडा २५ पर्यंत सहज जाते. ठाण्याच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवलेली वाळूही ओली असते. शेकडा २५ फुगलेली वाळू ५९ लिटर मोजली, तर तीत कोरडी वाळू सुमारे ४७ लिटर, म्हणजे ७३ किग्रॅ. एवढीच असते. १८ किग्रॅ. वाळू कमी पडल्याने घुमट सुमारे साडेसहा लिटरने तुटतो, आणि मिश्रण ३ : १ : १ : १ ऐवजी २.४ : १ : १ : १ होते. चिकट भाग वाढल्यामुळे ते वाळताना अधिक आकसते व केसासारख्या भेगा पडतात. मिश्रणात चूक झाली असे मग वाटते. वस्तुतः चूक मापात असते.

फुग काढण्याची रीत सोपी आहे. सरळ भिंतीच्या डब्यात ओली वाळू भरून उंची मोजावी. मग तीत वाळू पूर्ण बुडेपर्यंत पाणी घालून ढवळावे व ती बसल्यावर पुन्हा उंची मोजावी. पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही. २० सेंमी. उंची १६ वर आली, तर फुग ४ ÷ १६, म्हणजे शेकडा २५. तेवढी वाळू वाढवून घ्यावी आणि तिने आणलेले पाणी २७.६ लिटरमधून वजा करावे. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे वाळू वाळवून सर्व घटक तराजूने मोजणे.

६. ॲल्युमिनेट सिमेंटचे मिश्रण

पोर्टलंडऐवजी कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट वापरल्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा प्रश्नच उद्भवत नाही. हे सिमेंट फ्रान्समध्ये झ्यूल बिए यांनी शोधले व १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. भाजून दळलेली अग्निमृत्तिका, म्हणजे ग्रॉग, शेकडा ८० आणि हे सिमेंट शेकडा २० असे वजनी मिश्रण घेतले, तर गणित अधिक सरळ होते. १०० किग्रॅ. कोरड्या मिश्रणात ग्रॉगचे घनफळ ८० ÷ २.४ = ३३.३ लिटर, सिमेंटचे २० ÷ ३.० = ६.७ लिटर व पाणी १२ लिटर. एकूण ५२ लिटर आणि हवा धरून सुमारे ५३.६ लिटर. ८५ लिटरसाठी १५९ किग्रॅ. कोरडे मिश्रण लागेल : ग्रॉग १२७, सिमेंट ३२, व पाणी १९ लिटर. पहिल्या मिश्रणापेक्षा पाणी सुमारे एकतृतीयांशाने कमी लागते, हा मोठा लाभ आहे. मात्र दोन्ही सिमेंटे एकत्र करू नयेत. पोर्टलंड व ॲल्युमिनेट सिमेंट मिसळले असता मिश्रण काही मिनिटांतच गोठू शकते. पोर्टलंडने माखलेले घमेले व थापीसुद्धा धुऊन घ्यावी.

७. पाण्याचा हिशेब

परिमाणाचे गणित खरेदीपाशी संपत नाही. ७७ लिटरच्या घुमटात पहिल्या कृतीनुसार सुमारे २५ किग्रॅ. पाणी असते. सिमेंट स्वतःच्या वजनाच्या शेकडा २३ च्या आसपास पाणी रासायनिक रीतीने बांधून ठेवते, घुमटातील २५.७ किग्रॅ. सिमेंटसाठी ते ६ किग्रॅ. होते. उरलेले १९ किग्रॅ. पाणी मोकळे असून ते भिंतीतून बाहेर पडलेच पाहिजे. एक किलोग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १,६७० लिटर वाफ होते. १९ किलोग्रॅमची वाफ ३० घनमीटरांहून अधिक भरेल. नवी भट्टी दाखवण्याच्या उत्साहात पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला, तर ही वाफ ६ सेंमी. जाडीच्या भिंतीत कोंडते आणि आतील थराचे पापुद्रे आवाज करीत उडतात. त्यांपासून डोळ्यांना इजा होण्याचा धोका असतो.

पाणी बाहेर पडण्यास वाट करून देण्यासाठी मिश्रणात पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू घालतात. ८५ लिटरला सुमारे १०० ग्रॅम पुरतात. सुमारे १६५ अंशांना ते वितळतात व त्यांच्या जागी सूक्ष्म नळ्या राहतात. चुलीच्या मातीतील भाताचा तूस जळून छिद्रे मागे ठेवी, तेच तत्त्व येथे आहे.

घुमट वाळला की नाही हे नजरेने ठरवता येत नाही, कारण पृष्ठभाग कोरडा दिसला तरी आत ओल असते. यासाठी त्याच मिश्रणाची २० × २० × ६ सेंमी. आकाराची फरशी त्याच वेळी ओतावी. तिचे घनफळ २.४ लिटर व ओले वजन सुमारे ५.१ किग्रॅ. असते. घुमटाबरोबर सात दिवस ती ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. नंतर कडा प्लॅस्टिकने बांधून ती घुमटाशेजारीच सावलीत ठेवावी व दररोज तोलावी. तिच्यातील मोकळे पाणी सुमारे ०.६ किग्रॅ. आहे. आषाढ-श्रावणातील दमट हवेत तिचे वजन आठवडेच्या आठवडे जेमतेम उतरेल. फाल्गुनात ते लवकर स्थिरावेल. वजन स्थिरावल्यावरच लहान जाळ सुरू करावा, आणि तोही दिवसागणिक थोडा थोडा वाढवीत न्यावा. ओतकाम दिवाळीनंतर आरंभून पावसाळ्यापूर्वी भट्टी पूर्ण तापवून व झाकून ठेवावी, हा या प्रदेशासाठी योग्य क्रम होय.

८. वजनाचा हिशेब

याच आकड्यांचा तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरात अंगण दुर्मिळ, म्हणून नजर गच्चीकडे वळते. तेव्हा भट्टीचे एकूण वजन मांडून पाहावे. वाळलेला घुमट १४५ किग्रॅ.; २३० × ११५ × ७५ मिमी. मापाच्या सुमारे २५ अग्निविटांची बैठक १०० किग्रॅ.; तिच्याखालील व्हर्मिक्युलाइटचा उष्णतारोधक थर ६५; घुमटावरील १० सेंमी. जाडीचा तसाच थर ९०. बाहेरचा गिलावा ६०. असे ४६० किग्रॅ. झाले. त्यात १.२ मीटर बाजूच्या व १० सेंमी. जाडीच्या सलोह काँक्रीट लादीचे ३६० आणि विटांच्या पायभिंतींचे ५६० मिळवले की बेरीज १,३८० किलोग्रॅमवर जाते. हा भार १.४४ चौ. मीटरवर पडतो, म्हणजे प्रति चौ. मीटर सुमारे ९६० किग्रॅ. पायभिंतींऐवजी लोखंडी घोडी केली, तरी तो ६०० च्या आसपास राहतो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी उपयोग-भार प्रति चौ. मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किग्रॅ., धरलेला आहे. एका ठिकाणचा भार स्लॅबमध्ये काही अंशी पसरतो, त्यामुळे ही तुलना ढोबळ आहे. तथापि चौपट ते सहापट हे अंतर ढोबळ हिशेबात झाकून जाण्याजोगे नाही. ज्या परिसराने ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू पाहिला आणि २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीची मातृकृपा इमारत पडलेली पाहिली, त्या परिसरात हा आकडा कोरडा राहत नाही. त्या दुर्घटनांची कारणे निराळी होती. परंतु जुन्या इमारतीच्या स्लॅबवर न मोजलेला भार चढवू नये, हा बोध त्यांतून घेता येतो. गच्चीवर भट्टी घालावयाची असल्यास संरचना अभियंत्याकडून तपासणी करवून घेणे अपरिहार्य आहे. जमिनीवर भट्टी घालणे सर्वांत श्रेयस्कर.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसेल की, ३ : १ : १ : १ ही कृती म्हणजे केवळ आरंभ होय. घुमटाचे घनफळ मध्यत्रिज्येने काढावे. सुटे भाग वजनात व वजन खऱ्या घनफळात बदलून प्राप्तिगुणक ठरवावा. तो लहान चाचणीने पडताळावा. आणि वाळूतील ओल विसरू नये. या चार पायऱ्यांतून मिळणारा वजनाचा एकच आकडा तीन प्रश्नांची उत्तरे देतो : बाजारातून काय आणावे, भिंतीतून किती पाणी जाऊ द्यावे, आणि भट्टीखालच्या भूमीवर किती भार पडेल. चूल घालणाऱ्या गृहिणीची रीत अशास्त्रीय नव्हती. तिची चाचणी तिच्या हातात होती आणि चूक तिच्या अंगणात मावत होती. सिमेंटच्या घुमटात आणि बहुमजली इमारतीत चूक तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून हाताचा अंदाज तराजूने पारखून घ्यावा लागतो.